परवाची फाइल

आत्याच्या घरातला पलंग कधी पुरता गार होत नाही. सकाळी ती उठते, चादरीचे कोपरे रुग्णालयात खोचतात तसे गादीखाली घट्ट खोचते आणि कामावर जाते. थोड्या वेळाने काका रात्रपाळी संपवून येतात आणि त्याच चादरीवर, कोपरे सुटणार नाहीत अशा बेताने, एका कडेला आडवे होतात. काका म्हणजे आत्याचे यजमान. ते पंपहाऊसवर ऑपरेटर आहेत. टाक्या रात्री भरायच्या आणि पहाटे शहराला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. आत्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. तिथल्या नर्सेस तिला चादरताई म्हणतात. तिच्या हातांना ब्लीचचा वास येतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. काकांच्या कानात पंप चालू असतो, बंद खोलीतसुद्धा.

दोघांची गाठ पडते संध्याकाळी. आत्या जिना चढून येते तेव्हा काका डबा बंद करत असतात.

"आलीस?"

"आले. निघालात?"

"हं. दूध तापवलंय."

कित्येक दिवस संसाराचं बोलणं म्हणजे एवढंच. एखाद्या दिवशी त्यात गॅस संपल्याची भर पडते. मी त्यांची भाची. माझी नोकरी त्याच शहरात असल्यामुळे अधूनमधून जेवायला जाते, म्हणून हे मला माहीत.

हे दोघं उरलेल्या वेळात काय करतात, हे सांगितलं तर लोकांना मी थट्टा करते असं वाटतं. ते कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या खेळासाठी मॉड बनवतात. खेळ साधा आहे. एक लहानसं बंदर आहे, त्याच्याभोवतीचं गाव आपण चालवायचं. काका तो पहिल्यांदा खेळले तेव्हा गावात खलाशी होते, हमाल होते, व्यापारी होते. काका बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "एवढं गाव, आणि पाणी कोण सोडतं?"

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि कपडे कोण धुतं?"

तिथून सुरुवात झाली. खेळणाऱ्यांनीच खेळात केलेल्या अशा बदलांना मॉड म्हणतात. त्यात जादू काही नसते. एक लांबलचक फाइल असते. तिच्यात गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद आणि नोंदीपुढे आकडे: भूक किती, थकवा किती, कामावर कधी निघायचं, घरी कधी यायचं. शेवटी तो माणूस काय बोलतो, ती वाक्यं. काकांनी पंपवाला घातला, आत्याने धोबीण घातली. मग हळूहळू झाडूवाला, कुलूपवाला, दवाखान्यातली आया, रात्रीचा पहारेकरी असं सगळं गाव भरलं. सगळे मराठीत बोलायचे. खलाशी धोबिणीला म्हणायचा, "बाई, बटण तुटलं." ती म्हणायची, "माझं नव्हतं." हे वाक्य आत्याचं. शेकडो लोक हा मॉड घेऊन खेळतात. त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की तो बनवणाऱ्या दोघांतलं एक लाँड्रीत असतं आणि एक पंपावर.

पूर्वी काकांची पाळी बदलती होती. आठवड्यातल्या काही संध्याकाळी दोघं एकत्र बसायचे, ती खुर्चीवर, ते स्टुलावर. मग पाळी कायमची रात्रीची झाली. तेव्हा असं ठरलं की फाइल पेन ड्राइव्हवर घालून फ्रिजवर ठेवायची, ज्याला वेळ मिळेल त्याने पुढे न्यायची. काही दिवस ते चाललं. एकदा पेन ड्राइव्ह काकांच्या शर्टाच्या खिशातून पंपहाऊसला गेला. आत्याने त्या दिवशी कॉम्प्युटरवर पडलेल्या प्रतीवर काम केलं. दुसऱ्या दिवशी कुठली प्रत ताजी, हे विचारायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशीही. वर्ष होत आलं तेव्हा एकाच मॉडच्या दोन फाइली झाल्या होत्या, आणि दोन्ही लोकांपर्यंत गेल्या होत्या. खलाशाचं बटण, दवाखान्यातली आया, इस्त्रीवाला, हे आत्याने त्याच वर्षात घातलेलं. काकांची फाइल घेतलेल्यांच्या गावात रात्री दिवे होते पण कपडे मळके. आत्याची घेतलेल्यांच्या गावात कपडे पांढरेशुभ्र आणि अंधार ठार.

भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघांनी एका वेळी जागं असावं लागतं.

मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि दोन्ही फाइली तिच्यात चालेनात. खेळणारे विचारू लागले, तुमची खरी फाइल कोणती? आत्याने सगळ्यांना कळवलं की रविवारी एकच, जोडलेली फाइल देऊ. मग मला फोन केला. "भाचीबाई, तुझं शिक्षण आज कामाला येऊ दे. दोन फाइलींची एक करणारं टूल शोध."

त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी संध्याकाळी गेले. काका स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते. डोळे मिटलेले. नाडी बोटांना पाठ होती.

"तीन टूल बघितली मी," मी म्हणाले. "पहिलं एकदम सोपं. एक फाइल दुसरीवर अंथरतं. जिथे दोघांनी लिहिलंय तिथे वरची राहते, खालची जाते."

"म्हणजे वरची चादर दिसते," आत्या म्हणाली. "खालची कुणाला कशाला हवी."

"दुसरं स्वतःच मिसळतं. दोन आकडे वेगळे निघाले तर मधला घेतं."

"पंपवाला रात्री निघतो, धोबीण सकाळी," काका डोळे न उघडता म्हणाले. "एकाच नोंदीत हिने एक वेळ टाकली, मी दुसरी, तर हे टूल दोघांनाही भर दुपारी उन्हात उभं करील."

"करील," मी म्हणाले.

"आणि तिसरं?" आत्याने विचारलं.

तिसऱ्याबद्दल सांगायला मी उत्सुक होते, कारण माझ्या कामात मी तेच वापरते. त्याला तीन फाइली लागतात. दोन तुमच्या, आणि एक मूळ, म्हणजे जिच्यापासून दोन्ही निघाल्या ती. ते दोन्ही फाइली मूळ फाइलीशी ताडून बघतं. जिथे फक्त आत्याने बदल केलाय तिथे आत्याचं घेतं. जिथे फक्त काकांनी केलाय तिथे काकांचं. एकाच जागी दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर ते थांबतं आणि विचारतं. स्वतः ठरवत नाही. त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

"भांडण," आत्या म्हणाली.

"हो, तसंच."

"आणि प्रत्येक भांडण आपण मिटवायचं?"

"एकेक करून. 'सगळं डावीकडचं घ्या' असं बटण इतर टूलमध्ये असतं, यात नाही."

काकांनी डोळे उघडले. "हिचीच फाइल ठेवा ना. पहिलं टूल घ्या, हिची वर अंथरा. माझ्यात आहे काय एवढं? चार दिवे आणि एक व्हॉल्व्ह."

"वर्षभर चार दिवे लावत होतात?"

"अगं, रविवार पाच दिवसांवर आलाय. वेळ कुठाय? आणि तुझी फाइल बरी आहे. मी खेळून बघितली."

"कधी बघितली?"

"दुपारी. झोप लागत नव्हती."

आत्याने माझ्याकडे वळून सांगितलं, "तिसरं."

"जिवावर येईल तुझ्या," काका म्हणाले.

"आलंच आहे. तरी तिसरं."

काका गेले. आत्याने त्यांचा दूध प्यायलेला कप विसळला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "दोघांचं मिळून काय उरलंय सांग. पलंग आहे, तोही पाळीपाळीने. ही एक फाइल होती. त्यातून त्यांचं काढून टाकलं की मी एकटीनेच खेळ खेळत बसायचं." मग तिने चेहऱ्यावरून हात फिरवला, ब्लीचच्या वासाने नाक मुरडलं आणि विचारलं, "मूळ फाइल म्हणजे नक्की कुठली गं?"

मूळ फाइल म्हणजे पेन ड्राइव्ह खिशातून गेला त्या दिवसाच्या आधीची. कॉम्प्युटरवर ती नव्हती. बुधवारी आत्याने कामावरून आल्यावर शोध घेतला आणि ती सापडली शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली, एका जुन्याच पेन ड्राइव्हवर. तिने ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली आणि मला फोनवर सांगितलं. आवाजात आनंद होता, पण तो जांभईतून येत होता.

शुक्रवारी लाँड्रीतलं एक मोठं यंत्र बंद पडलं. चादरींचे ढीग छतापर्यंत गेले. आपल्याला उशीर होणार हे दिसल्यावर आत्याने तिथूनच काकांना निरोप धाडला: "परवाची फाइल मूळ म्हणून घ्या. उठलात की टूल चालवून ठेवा."

मी पोचले तेव्हा आत्या नुकतीच आली होती. पर्स अजून खांद्यावर होती. काका गणवेश घालून तयार होते आणि चेहऱ्यावर, मी फार दिवसांत बघितली नव्हती अशी, जरा तरतरी होती.

"झालं," ते म्हणाले. "एका फटक्यात. तुमच्या तिसऱ्या टूलने कमाल केली. बघ, खाली लिहिलंय."

पडद्यावर खाली लिहिलं होतं की दोन्ही फाइली जोडल्या, कॉन्फ्लिक्ट शून्य.

आत्या वाचत राहिली. मग हळूच खुर्चीवर बसली.

"एकही भांडण नाही?"

"एकही नाही."

"आपल्यात?"

"टूल म्हणतंय."

"टूलचं लग्न झालेलं नाही," आत्या म्हणाली. "हे चुकलंय."

काका हसले, पण तिने खेळ सुरू केला होता. बंदर आलं. दिवे होते, काकांनी लावलेले, पाण्यात त्यांची पिवळी रेघ हलत होती. पंपवाला त्याच्या खोलीत होता. आत्याने गावातून एक चक्कर मारली. दोरीवर कपडे नव्हते. धोबीण जुन्याच झग्यात धक्क्यावर उभी होती, पहिल्या वर्षी होती तशी. खलाशी तिच्याजवळून काही न बोलता गेला.

"माझं बटण कुठेय?" आत्या म्हणाली.

तिने पुन्हा एक चक्कर मारली.

"दवाखान्याची आया कुठेय? इस्त्रीवाल्याचं दुकान?" तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रात्रभराचं काम वाहून गेल्यावर रागवायलाही अंगात काही लागतं. इथे तर वर्षभराचं होतं.

मी खुर्चीमागून दोघांच्या मध्ये वाकले आणि टूलला दिलेल्या फाइली तपासल्या. डावीकडे आत्याची, बरोबर. उजवीकडे काकांची, बरोबर. मूळ म्हणून दिलेली फाइल 'परवा' नावाच्या फोल्डरमधून आली होती.

"काका, हे 'परवा' फोल्डर कोणाचं?"

"माझं. आज सकाळी येऊन केलं. मग हिने निरोप धाडला ना, परवाची फाइल घ्या म्हणून."

"मी परवा सापडली ती म्हटलं," आत्या म्हणाली. "बुधवारची."

"मला वाटलं परवा द्यायची ती. रविवारची."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाच शब्दाने एक मागे गेली होती आणि एक पुढे, आणि दोघांचंही मराठी बरोबर होतं.

"पण रविवारी द्यायची फाइल तर अजून झालीच नव्हती," मी म्हणाले. "या फोल्डरमध्ये काय ठेवलं होतं तुम्ही?"

काका डब्याचं झाकण पुन्हा घट्ट करू लागले. ते आधीच घट्ट होतं. मी फोल्डर उघडलं. आतली फाइल आत्याची होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आत्याची, जशीच्या तशी, काकांची एक ओळ नाही.

मग काय घडलं ते उघड होतं. टूलने मूळ फाइल बघितली आणि आत्याची बघितली, दोन्ही सारख्याच. म्हणजे त्याच्या हिशेबी आत्याने काहीच बदललं नव्हतं, जे काही बदललं ते काकांनी. म्हणून त्याने सगळीकडे काकांचं घेतलं. काका स्वतःची फाइल टाकायला निघाले होते, आणि गेली आत्याची. तिची प्रत डावीकडे शाबूत होती, नुकसान काही नव्हतं. मी ते लगेच सांगितलं. पण आत्या ते ऐकत नव्हती.

"म्हणजे रविवारी तुम्ही नुसती माझीच देणार होतात," ती म्हणाली. "टूल ठरलं, तुमच्यासमोर ठरलं, तरी. तुमच्या वर्षभराच्या कामावर पाणी सोडलंत?"

काका म्हणाले, "पाणी सोडणं हीच तर माझी नोकरी आहे."

आत्याला हसू आलं. तिला ते नको होतं, तरी आलं, आणि त्यातच तिचे डोळे भरले. तिने पर्स खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

"चेष्टा पुरे. का?"

"का म्हणजे," काका स्टुलावर बसले. "तू दिवसभर उभी असतेस. घरी येऊन पुन्हा एकेक भांडण मिटवत बसणार. मला वाटलं, एकाचं कमी झालं तर तुझं ओझं कमी. सकाळी घरी आलो तेव्हा पाय उचलत नव्हते, फार विचार नाही केला. तुझी फाइल उचलली, फोल्डरात टाकली, नाव दिलं 'परवा', आणि झोपलो. त्यात तुझा निरोप आला. म्हटलं बरं झालं, हिलाही तेच हवंय."

"मला तेच हवं असतं तर मी बॉबिनांच्या खाली कशाला हात घातला असता?"

बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल वर चढवत होतं, प्रत्येक पायरीला तिची घंटी वाजत होती. आम्ही तिघं ती तिसऱ्या मजल्याच्या वर जाईपर्यंत ऐकत राहिलो.

"लाव गं बुधवारची," आत्या मला म्हणाली.

मी खरी मूळ फाइल लावली आणि टूल पुन्हा चालवलं. या वेळी त्याला बराच वेळ लागला. मग भांडणं येऊ लागली. पडदा भरला, यादी खाली सरकत गेली आणि सरकतच राहिली. दिव्यांवरून, पगारावरून, कोण कुठे झोपतो यावरून, कुणी काय म्हणायचं यावरून. वर्षभर दोघांनी एकाच गावातल्या त्याच त्याच माणसांना, एकमेकांना न विचारता, हात लावला होता.

"थकबाकी," काका म्हणाले.

"आता खरं वाटतंय," आत्या म्हणाली.

काकांनी घड्याळ बघितलं. निघायची वेळ झालीच होती. ते उभे राहिले, पण दाराकडे न जाता खुर्चीमागे येऊन थांबले. "पहिलं बघू या. एक."

पहिलं भांडण पंपवाल्याच्या थकव्यावरून होतं. मूळ फाइलीत आकडा पाच. आत्याने तो आठ केला होता, काकांनी तीन.

"तीन?" आत्या म्हणाली.

"मी कुठे एवढा थकतो."

"झोपेत कण्हता."

"तुला काय माहीत? मी झोपतो तेव्हा तू घरात नसतेस."

"रविवारी असते."

काकांनी कान चोळला, पंप वाजतो तो. "बरं, आठ ठेव. तुझंच ठेव."

"तसं बटण नाहीये," आत्या म्हणाली. "खरं किती ते सांगा."

मी सांगितलं की डावं-उजवं सोडून तिसरा आकडाही हाताने लिहिता येतो. काका बराच वेळ उभे राहिले. इतका वेळ ते व्हॉल्व्हच्या दाबाचा काटा बघून ठरवत असतील, पाणी आत्ता सोडायचं की जरा थांबायचं.

"सात," ते शेवटी म्हणाले. "पावसाळ्यात आठ. पण तुझ्या टूलला पावसाळा कळत नसेल."

आत्याने सात लिहिलं. यादीतलं एक भांडण गेलं. काकांनी डबा उचलला, दार उघडलं.

"रविवारचं काय?" मी विचारलं.

"लोकांना सांगेन, थांबा म्हणून," आत्या म्हणाली. "बंदर कुठे पळून जात नाही."

"उरलेली परवा बघू," काका दारातून म्हणाले.

"मागच्या की पुढच्या?"

ते जिना उतरताना हसत होते. बुटांच्या आवाजात ते ऐकू आलं.

पडद्यावर दुसरं भांडण येऊन थांबलं होतं. धोबिणीचा थकवा. डावीकडे आत्याने लिहिलेला आकडा, दोन. उजवीकडे काकांचा, नऊ. आत्याने ते दोन आकडे वाचले, आणि हात कीबोर्डवर तसाच राहिला.

"मी बसते, आपण पुढची काही करू या का?" मी विचारलं. माझ्या अंगात उत्साह होता, मला यादी संपलेली बघायची होती.

"ते नाहीत इथे," आत्या म्हणाली. "एकटीने कसं भांडायचं?"

तिने आहे तसं जपून ठेवलं, 'परवा' फोल्डर काढून टाकलं आणि पडदा बंद केला. मग आत जाऊन पलंगावर बसली. काकांनी त्या दिवशीही कडेलाच झोपून एक कोपरा तेवढा सोडवला होता. तिने तो पुन्हा खोचायला हात घातला, मग राहू दिला, आणि त्याच बाजूला, अजून थोडी ऊब होती तिथे, पाठ टेकली.